चुलीची जागा

निपाणीहून माणूस आला तेव्हा मी स्वयंपाकघर सारवत होते. माझे धाकटे दीर मारुतीभाऊजी तिकडे एका गुऱ्हाळात चरकाचं दातेरी चाक बसवायला गेले होते. चाक बसलं, चरक फिरला, पहिल्या रसाचा तांब्या त्यांच्या हातात दिला... आणि ते बसल्या जागी कलंडले. माणूस दारात उभा राहून हे सांगत होता आणि मी शेणाचे हात तसेच धरून त्याला विचारत होते, "पर चाक नीट फिरलं न्हवं?" घरातला माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी असं विचारतं का? मी विचारलं. आज महिना उलटला तरी ते आठवून मला माझीच लाज वाटते.

भाऊजींचा कारखाना म्हणजे आमच्या अनगोळच्या घराचा पुढचा सोपा. एक लेथ, एक भाता आणि भिंतीवर ओळीनं टांगलेल्या कानशी. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचे, "वैनी हाय की शिव्या द्याला, आनि दुसरी कशाला?" शिव्या मी देतही होते. सोप्यातलं काळं तेल त्यांच्या पायाला लागून माझ्या सारवलेल्या जमिनीवर यायचं, मग माझ्या तोंडाला खळ नसे.

दुसरं महायुद्ध संपलं आणि त्यांनी मिलिंग मशीन घ्यायचं मनावर घेतलं. लेथवर काम म्हणजे घडवायचं लोखंड फिरतं, ह्यात हत्यार फिरतं आणि काम त्याच्याखाली सरकत जातं, हे त्यांनी मला माझाच पोळपाट सरकवून दाखवलं होतं. दोन यंत्रं त्यांनी बघून ठेवली होती. एक हुबळीच्या बंद पडलेल्या कारखान्यातलं, जुनं, अवजड. त्यावर चरकाच्या चाकाचे दाते सहज कापता आले असते. दुसरं लहान, बाकावर बसणारं, किल्ल्या घडवण्यापुरतं आणि खाचा पाडण्यापुरतं. त्यांचा जीव मोठ्यावर होता. पण मोठं सोप्यात मावत नव्हतं. सोप्याला लागून माझं स्वयंपाकघर. मधली भिंत काढली आणि चूल हलवली, तरच ते बसणार होतं.

एका दुपारी ते सुतळीनं माप घेऊन आले, चुलीतली राख चिमटीत धरली आणि माझ्या जमिनीवर त्या यंत्राचा चौकोन आखला. मग त्या चौकोनासमोर उभे राहून हवेतच चाक फिरवू लागले, यंत्राचं सरकतं टेबल कुठवर येईल ते कोपरानं मोजू लागले. मला हसू आवरेना.

"हितं बसतंय बघा, वैनी. चूल मागच्या पडवीत न्या की. धूर बी कोंडायचा न्हाय."

"आदी तुमची बायको आना, मग चूल कुठं मांडायची त्ये ती सांगंल!"

तेही हसले. दुसऱ्या दिवशी मी सारवलं आणि चौकोन पुसला. त्यांनी पुन्हा आखला, मी पुन्हा पुसला. 'नाही' असं मी एकदाही म्हणाले नाही, पण म्हणायचं उरलं काय होतं? सासूबाईंच्या हाताखाली इतकी वर्षं काढून ती खोली तेव्हा कुठे माझी झाली होती... हे मी आज लिहिते आहे. त्यांना सांगितलं असतं तर त्यांना पटलंही असतं. मी नुसती थट्टा केली.

शेवटी लहान यंत्र आलं. "ह्येच बरं झालं, तेल कमी खातंय," असं ते ज्याला त्याला सांगत. माझ्या सोयीचं होतं, म्हणून मीही विश्वास ठेवला. पण चरकाचं चाक त्या यंत्रावर मावत नसे. मग अंगणात बसून ते दाता दाता कानशीनं घासत. भाकऱ्या थापताना मला तो आवाज ऐकू यायचा. तो कशाचा आहे हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि मी भाकरी जरा जोरानं थापायची. निपाणीचं ते शेवटचं चाकही त्यांनी असंच घासलं. दगदगीचा आणि मरणाचा संबंध नाही, असं डॉक्टर सांगतात. आमचे हेही तेच सांगतात. बरं वाटावं म्हणून सांगतात, हे मला कळतं.

दिवसकार्य आटोपल्यावर एका सकाळी मी कुणाला न विचारता चूल उकरली आणि मागच्या पडवीत नवी घातली. हे जरा बघत उभे राहिले, मग विटा देऊ लागले. ऊन चढायच्या आत काम झालं. एवढंच काम होतं ते.

आता मी पडवीत रांधते. धूर खरंच कोंडत नाही. आतली खोली रिकामी आहे. तिथे अजून काही ठेवलेलं नाही. सारवून झालं की राख चिमटीत घेते आणि तो चौकोन आखते. माझा हात त्यांच्यासारखा सरळ चालत नाही. नंतर घरातलं कुणीही तिथून जाताना त्याला वळसा घालूनच जातं.