दोरीवरच्या लंगोटांची साक्ष

हळिवाच्या खिरीत गूळ विरघळू लागला की जो ऊन, गोड वास सुटतो, तो मला आजही थेट बाळंतिणीच्या खोलीत नेऊन सोडतो. मुलांनो, तुमच्या त्या दूरदेशी हळीव मिळतो की नाही, कोण जाणे. पण तुमच्या बाबाच्या जन्मानंतरचं घरातलं पहिलं भांडण याच खिरीवरून झालं, आणि ते मी जिंकले.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर शहर नुकतं स्थिरस्थावर होत होतं. पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी, औरंगाबादला आले होते, आणि तुमचा बाबा, म्हणजे तेव्हाचं ते लालबुंद गाठोडं, मला रोज हरवत होता. भुकेनं आसुसून अंगावर प्यायला लागायचा, चार घोट घ्यायचा, आणि मग ठसका लागून, पाठीची कमान करून, मुठी आवळून असा आक्रोश करायचा की जणू मी त्याला काढाच पाजला असावा. ज्या देहातून तो आला, त्याच देहाशी त्याचं एवढं वैर कसलं? वात्सल्याची जी शांत, अर्धोन्मीलित डोळ्यांची चित्रं मी पाहिली होती, त्यांतल्या एकाही आईच्या पदरात अशी कुस्ती चालली नव्हती.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणे, खुलताबादहून नातू बघायला आल्या आणि एकदाच ऐकून त्यांनी निकाल दिला. "लेकरू उपाशी हाय. दूध नाय पुरत तुझं." थोडं थांबून बघू, असं मी म्हणताच त्या म्हणाल्या, "इंग्रजी वाचून पान्हा फुटतो व्हय गं?" माझी आईसुद्धा पदराआड हसली. मग दूध वाढावं म्हणून खिरीच्या वाट्या वाढल्या, जोडीला शतावरी आली, आणि सोमवारपासून गाईचं दूध बोंडल्यानं पाजायचं ठरलं. चोच असलेल्या त्या चांदीच्या वाटीतून दूध आयतं ओठांत पडू लागलं की बाळं आईकडे पाठ फिरवतात, हे मी आमच्याच गल्लीत पाहिलं होतं. माझं बाळ मला तसं जाऊ द्यायचं नव्हतं. आणि मी जितकी खीर खाई, तितकं त्याचं रडणं वाढे.

नीटनेटकेपणाची माझी खोड बाळंतपणातही सुटली नव्हती. लंगोटांच्या घड्या मीच घाली. एका दुपारी खिडकीतून अंगणातली दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली दिसली, आणि घडी हातातच राहिली. उपाशी पोर इतकं ओलं करील कुठून? मग तो ठसका कशाचा? मला लहानपणीची पाणचक्की आठवली. हौदात कोसळणाऱ्या धारेखाली तोंड धरायची आमची पैज असे, आणि तहान भागण्याआधीच नाकातोंडात पाणी जाऊन आम्ही रडकुंडीला येत असू.

पुढच्या वेळी मी दुधाचा पहिला जोर फडक्यात जाऊ दिला, लोडाला टेकून मागे रेलले आणि बाळाला वर, पोटावर पालथं घेतलं, म्हणजे दुधालाच चढ चढावा लागेल.

"हे काय आक्रित? म्हैस तरी उभी ऱ्हाती पाजताना," आत्याबाई म्हणाल्या.

बाळ प्यायला लागलं. घोटामागून घोट, संथ, लयीत. आवळलेली मूठ एकेक बोट करत उमलली आणि माझ्या गळ्यापाशी विसावली. आत्याबाई जवळ आल्या, वाकल्या, बराच वेळ त्याच्या गळ्याची हालचाल निरखत राहिल्या. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाल्या, "विहीणबाई, खीर बंद करा हिची. दूध लई हाय. पोर वाहून जाईल माझं."

पुढच्या आयुष्यात, मुलांनो, तू कमी पडतेस असं मला अनेकांनी, अनेकदा ऐकवलं. दर वेळी मी आधी एवढंच तपासलं, की खरोखर कमी पडते आहे, की जरा जास्तच होते आहे. आणि जास्त होत असले, तर बिनदिक्कत मागे रेलून बसले.