चुकलं की एक पाऊल पुढं

मंगळवारी ट्रेनिंग रूममध्ये एक मुलगी चुकली आणि सरळ माझ्या दिशेनं चालत आली... तेव्हापासून ते काही डोक्यातून जाईना.

मी रांजणगावच्या एका कंपनीत नवीन मुलींना वायरिंगचं काम शिकवते. कुठल्या रंगाची वायर कनेक्टरच्या कुठल्या भोकात बसवायची, एवढंच. पण ‘चूक’ म्हटलं की नवीन मुलगी हमखास एक पाऊल मागे सरकते. मान खाली, हात मागे. आजवर प्रत्येक बॅचमध्ये हेच बघत आले.

ही प्रज्ञा मात्र उलटी. मी म्हटलं, पिवळी वायर चुकली, तर बाईसाहेब एक पाऊल पुढे. परत चुकली, परत पुढे... शेवटी माझ्या टेबलाला टेकूनच उभी राहिली. बाकीच्या मुली तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

मला राग आला नाही, खरंच. मला नवल वाटलं. कारण हे मी आधी कुठंतरी पाहिलं होतं... पण कुठं?

आमच्या सुपरवायझर सरांना मात्र ते भलतंच खटकलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, ती पोरगी उर्मट हाय. चूक दाखवली की अंगावर येती. उद्याच्या टेस्टनंतर तिला घरी पाठवा.”

प्रज्ञा दौंड तालुक्यातली. इथं कारेगावात मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. मुलीला एकटीला एवढ्या लांब कशाला पाठवायचं, यावरून घरी बरीच वादावादी झाली होती, हे तिनंच मला सांगितलं होतं. आता परत गेली असती, तर पुन्हा कुणी तिला बाहेर पडू दिलं नसतं.

कंपनीच्या बसमध्ये शिरूरपर्यंत मी तेच घोळवत बसले. काही आठवेना.

घरी भाकरी थापत होते. माझ्या सहा वर्षांच्या लेकीच्या हातून पिठाचा डबा उपडा झाला आणि ती घाबरून भिंतीला जाऊन चिकटली. माझ्या तोंडून निघून गेलं, “मागं कशाला जातेस? पुढं ये, जवळून बघ काय झालंय ते.”

आणि मी तव्यावरची भाकरी विसरून तशीच बसले... हे वाक्य माझं नव्हतंच. ते दरेकर बाईंचं होतं.

निमोण्याच्या शाळेत पहिली ते चौथी आम्हाला दरेकर बाई होत्या. उत्तर चुकलं की त्या ‘चूक’ म्हणायच्याच नाहीत. म्हणायच्या, “लांबून नीट दिसत नसंल, एक पाऊल पुढं ये.” परत चुकलं, की आणखी एक पाऊल. असं करत पोर फळ्यापाशी पोचायचं... मग खडू त्याच्या हातात आणि बाईंचा हात त्याच्या पाठीवर.

वर्गात सगळ्यात कच्चं पोर बाईंच्या सगळ्यात जवळ असायचं. आम्ही कधी कधी मुद्दाम चुकायचो! मी चौथी पास झाले आणि बाईंची बदली दौंड तालुक्यात झाली. त्या दिवशी अख्खा वर्ग रडला होता.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये प्रज्ञाला विचारलं, पहिलीला तुला कोण होतं गं शिकवायला? तिनं नाव सांगितलं... दरेकर बाई.

“मी मुद्दाम न्हाई करत मॅडम,” ती म्हणाली. “चुकलं की पाय आपसूक पुढं जात्यात.”

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. म्हणाले, बघू टेस्टला.

टेस्टला सर समोर उभे. दोन वायरी बरोबर बसल्या, तिसरीला सर म्हणाले, चूक. आणि प्रज्ञा... एक पाऊल मागे सरकली. आदल्या दिवशीचं हसणं, कुजबुजणं तिच्या कानावर गेलंच असणार. मान खाली घालून उभी राहिली.

एवढ्या वर्षांत जे पुसलं गेलं नाही, ते आमच्या एका दिवसानं पुसलं होतं.

“प्रज्ञा, लांबून नीट दिसत नसंल,” मी म्हटलं. “एक पाऊल पुढं ये.”

तिनं चमकून माझ्याकडे बघितलं. मग पुढे आली, कनेक्टरवर वाकली, आणि कुणी न सांगता चुकीची वायर काढून बरोबर जागी बसवली. नंतरच्या सगळ्या वायरीही बसल्या. सर जाता जाता एवढंच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या हिला.”

बाई आता कुठं असतील, माहीत नाही. रिटायर झाल्या असतील. दौंडकडच्या कुणाला ठाऊक असेल तर माझा एवढा निरोप त्यांना पोचवा...

बाई, तुम्ही शिकवलेल्या दोन पोरी काल एकाच टेबलापाशी उभ्या होत्या. माझा हात तिच्या पाठीवर होता.