दृष्टांतातला गट नंबर

महाराज आमच्या घरी पाद्यपूजेला आले, तेव्हा त्यांची गाडी नेकनूरच्या आमच्या बोळात वळेना, इतकी लांबरुंद होती. मला त्याचं काही नाही. साधूनं अनवाणीच फिरावं असं मी कधी म्हणत नाही. पण गाडीतून आधी वकील उतरला आणि मग महाराज, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

सासऱ्यांनी त्यांचे पाय धुतले, तीर्थ घेतलं. महाराजांनी डोळे मिटले. "देवानं दृष्टांत दिला," ते म्हणाले. "त्याला तुमच्या जमिनीत बसायचंय. रोडच्या कडेला." आणि चक्क गट नंबर सांगितला! सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वकिलानं लगेच दानपत्राचा मसुदा पुढं सरकवला.

मला हसू आणि संताप एकदमच आला. तो गट सातबाऱ्यावर सासऱ्यांच्या नावावर असला, तरी कसतात त्यांचे धाकटे भाऊ. माझ्या लग्नाआधीच दोघांनी तोंडी अदलाबदल केलेली. आमच्याकडं असं चालतंच; जमिनी शब्दावर बदलतात, कागद आहे तिथंच राहतो. त्या तुकड्यात धाकट्यांची विहीर आहे, सीताफळाची बाग आहे. गावातलं शेंबडं पोरही सांगेल तो तुकडा कुणाचा.

जीभ आवरायला मला माहेरी कुणी शिकवलंच नाही. "महाराज, तुमच्या देवाला तलाठ्याचं दफ्तर पाठ हाय, पण तिथं पेरतं कोण, ते ठाऊक न्हाई? आमी तर वरचा माळ कसतो. त्याला तिथं बसवा की, खुशाल!"

"माळावर कोण येतंय, बाई? रोड टच पाहिजे," वकील बोलून गेला. महाराजांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याच्या जागी मी असते तर नोकरीच सोडली असती. चहाला न थांबता दोघं गेले.

मी जाम खूश होते. ताम्हण उचलता उचलता सासऱ्यांना म्हणाले, "मामा, आज फसला असता तुमी."

ते पाटाशेजारीच बसून होते.

"मी न्हाई फसलो, पोरी. त्यानं नुसता कागद बघितला व्हता. मला तर ठाऊक व्हतं. पुण्य माझं व्हणार व्हतं अन् जमीन भावाची जाणार व्हती. तरी मी सही करत व्हतो."