घोरपड, बर्फ आणि दोन प्रकारचं ‘येते’

भर जानेवारीत अमेरिकेत नेपरव्हिलहून दोन दिवसांवरच्या अ‍ॅशबर्नला गाडीने जाणार असं ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी बाहेरच्या बर्फाकडे पाहिलं, मग गाडीकडे आणि शेवटी माझ्याकडे. गाडी म्हणजे दोनच सीटची जुनी स्पोर्ट्स कार, आणि तीही मुद्दाम आणखी खाली बसवलेली. पन्नाशी उलटल्यावर माझ्या नवऱ्याला, अरुणला, हे खूळ सुचलं होतं. त्याने आणि आमच्या निहारने एक अख्खा उन्हाळा गॅरेजमध्ये लोळून तिच्या स्प्रिंगा बदलल्या. रस्त्यात पडलेल्या संत्र्यावरून न्यायची तरी देवाचं नाव घ्यावं लागेल, इतकी ती खाली आली. जमिनीला चिकटून चालते म्हणून तिचं नाव घोरपड.

अरुणला जाऊन हा दुसरा हिवाळा. निहार व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला असतो, डेटा सेंटरमध्ये नोकरी करतो. त्याची बायको अंजली न्यू जर्सीत जन्मलेली, घरचे तमिळ. दर रविवारी निहारचा फोन येतो आणि दर रविवारी तेच म्हणणं: “आई, घर विकून टाक, इकडे ये. आणि घोरपड मला दे.” आता हा मनापासून बोलावतोय की मुलाचं कर्तव्य म्हणून, ते फोनवर काही कळत नाही. कर्तव्य म्हणून नेलेली आई घरात कशी दिसते ते मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय. नीट ठेवलेल्या पाहुण्यांच्या गादीसारखी. त्यापेक्षा माझं रिकामं घर बरं. पण रिकामं घर तरी कितपत बरं असतं, हेही मला आता कळायला लागलं होतं. तेव्हा म्हटलं, संक्रांतीच्या निमित्ताने घोरपड देऊन यावी, प्रत्यक्ष बघावं, आणि विमानाने परत यावं.

बर्फात असली गाडी काढायची असेल त्यांच्यासाठी तयारी सांगते. विंटर टायर हवेतच, त्यात काटकसर नको. उन्हाळी टायर थंडीत दगड होतात. काच धुवायचं पाणी कडक थंडीत न गोठणारं घ्या, आणि भरपूर घ्या. ही गाडी मागच्या चाकांवर चालते आणि मागून हलकी, म्हणून डिकीत वजन हवं. लोक वाळूची पोती टाकतात. मी इंडियन स्टोअरमधून तांदळाच्या मोठ्या पिशव्या आणून टाकल्या. निहारकडे कोलम मिळत नाही, म्हटलं एका दगडात दोन पक्षी. या हुशारीचं पुढे काय झालं ते येईलच. शेजारच्या सीटवर अरुणच्या दोन फळ्या ठेवल्या. जिथे चढ लागतो तिथे चाकांपुढे फळ्या टाकून गाडी वर घ्यायची, नाहीतर पुढचा ओठ, म्हणजे बंपरची खालची कड, घासतो. बरोबर दशम्या, लसणाची चटणी, थर्मासभर चहा आणि तिळाच्या वड्या.

निघताना कुलूप लावलं आणि सवयीने रिकाम्या घराला म्हटलं, “येते.” निहार लहान असताना याच शब्दावरून वाद घालायचा. तू चाललीयेस ना, मग येते का म्हणतेस? जाते म्हणायचं नसतं एवढंच मला सांगता यायचं. अरुणने त्याला नीट फोड करून दिली होती: येते दोन प्रकारचं असतं. एक जायचं येते, एक यायचं येते. त्यावर मग तो प्रत्येक वेळी विचारायचा, आई, हे कुठलं? दूध आणायला निघाले तरी.

इंडियानात शिरल्यावर उत्तरेच्या मोठ्या सरोवराकडून येणाऱ्या बर्फाने गाठलं. आभाळ निळं असताना पाच-दहा मैलांचा पांढरा पडदा मधेच येतो आणि जातो. उंच गाडीत बसणाऱ्यांना कल्पना नसेल, पण घोरपडीत बसलं की ट्रकच्या चाकाचे नट डोळ्यांसमोर येतात. ट्रक बाजूने गेला की सगळा चिखल आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ काचेवर, आणि तेवढा वेळ आपण आंधळे. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, पाय हळूच उचलायचा. एकटं असण्याचा एक फायदा झाला, मोठ्याने ओरडता आलं.

ओहायो सपाट आणि करडा. दर तासा-दीड तासाने सर्व्हिस प्लाझा लागतो, स्वच्छतागृहं चांगली असतात, कॉफी वाईट असते. पेट्रोल भरताना एका म्हाताऱ्याने गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, यातून उठता कशा? मी म्हटलं, बसल्यापासून मीही तोच विचार करतेय. तो खूप हसला. दिवसभरात माझं कुणाशी झालेलं तेवढंच बोलणं. रात्रीचा मुक्काम ओहायोच्या पूर्व टोकाला हायवेजवळच्या मोटेलमध्ये केला. खोली गरम होती, दार घट्ट लागत होतं, एकट्या बाईने आणखी काय मागावं! दशमी-चटणी खाल्ली आणि फोन हातात घेतला. मुक्कामाला पोचल्याबरोबर ‘पोचले’ कळवायचं, हा अरुणचा नियम होता. निहारला कळवलं. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्याशी काय बोलणार? टीव्ही लावून झोपले.

दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनिया. टोल दणकून लागतो, पण पैसे वसूल. डोंगरांवर बर्फ, काळी बोडकी झाडं, आणि मग अ‍ॅलेगेनी डोंगराच्या पोटातून जाणारा बोगदा. बोगद्यात रस्ता कोरडा होता. घोरपडीचा आवाज दोन्ही भिंतींवरून परत येत होता आणि अरुणने इथे नक्की काच खाली करून वेग वाढवला असता, हे इतकं स्पष्ट जाणवलं की मी काच खाली केली. वेग नाही वाढवला. बोगदा संपेपर्यंत रडून घेतलं आणि बाहेर आल्यावर नाक पुसलं.

निहारचं टाउनहाउस एका चढावर. गाडी दारासमोर आली आणि ओठ घासायच्या आत थांबवली, तोवर निहार स्लीपर घालून बर्फात धावत आला. काही न विचारता त्याने शेजारच्या सीटवरच्या फळ्या ओढून काढल्या, गुडघे टेकून चाकांपुढे टाकल्या आणि उभा राहून हाताने खुणा करायला लागला. हुबेहूब अरुणची खूण, दोन बोटांनी, जरा डावीकडे. मला समोरचं धूसर दिसायला लागलं. गाडी वर आली, तांदूळ स्वयंपाकघरात गेला, तिळगूळ दिला, झालं.

पुढचे दिवस मात्र उपऱ्यासारखे गेले. वाईट कुणीच वागलं नाही, अंजली तर गुणी मुलगी आहे. घरात फिरताना मोबाइलवर मराठी क्रियापदं पाठ करते, मी येते, तू येतेस, ती येते. पण मला दाखवलेली खोली म्हणजे तिचं ऑफिस. टेबल, दोन स्क्रीन, व्यायामाची सायकल, आणि सायकलच्या पायाशी माझी हवा भरायची गादी. दोघं दिवसभर हेडफोन लावून मीटिंगमध्ये. जेवायची वेळ प्रत्येकाची वेगळी. मी पोळ्या करून ठेवायची आणि त्यांचा ढीग बघत बसायची. नेपरव्हिलला एकटी असते तेव्हा निदान घर माझं असतं.

शेवटच्या दिवशी मी गाडीचा विषय काढला. निहारने घोरपडीच्या टपावर हात ठेवला, बराच वेळ. मग म्हणाला, “आई, आत्ता कुठे ठेवू गं? गॅरेजमध्ये अंजलीची गाडी असते. बाहेर ठेवली तर मीठ हिला खाऊन टाकेल.”

खरंच होतं ते. पण मला जे ऐकू आलं ते वेगळंच होतं. घोरपडीला जागा नाही म्हणजे मलाही नाही. विमानाचं तिकीट कॅन्सल केलं आणि म्हटलं, मीच नेते परत. निहारने वेदर दाखवलं, हिशेब मांडला, चिडला. मी ऐकलं नाही. त्याचा हट्ट कुणाकडून आलाय ते त्याला माहीत आहे.

सकाळी त्याने उतारावर फळ्या लावल्या. गाडी खाली रस्त्यावर आली. अंजली कोटात गुरफटून खिडकीशी वाकली, म्हणजे जवळजवळ बसलीच, आणि विचारलं, “आई, तुम्ही येणार ना इकडे? राहायला?” सगळं वाक्य मराठीत. निघताना माणूस जे म्हणतं तेच मी म्हटलं, “येते हं, अंजली,” आणि निघाले.

परतीच्या वाटेवर मला कळेना, घोरपड अशी का वागतेय. प्रत्येक वळणावर मागचा भाग नाचत होता. डोंगर चढताना बर्फ भुरभुरायला लागला तसं म्हटलं, प्लाझाला थांबून चहा घेऊ. आत वळताना शेपूट फिरलं, गाडी सावकाश गिरकी घेऊन कडेला बर्फ हटवणाऱ्या प्लाऊने लोटलेल्या बर्फाच्या ढिगावर जाऊन बसली. अक्षरशः पोट टेकून बसली. चाकं हवेत, अ‍ॅक्सिलरेटर दिला की नुसता आवाज. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: तांदूळ! डिकीतलं सगळं वजन निहारच्या स्वयंपाकघरात होतं. एका दगडात दोन पक्षी म्हणे. वाळू टाकली असती तर वाळू कुणाला रांधून घालावीशी वाटली नसती. चाकांखाली फळ्या टाकाव्यात म्हणून शेजारच्या सीटकडे हात नेला. सीट रिकामी. फळ्याही तिकडेच, त्याच्या उतारावर.

मी तशीच बसून राहिले. काचेवर बर्फ साचत गेला आणि आतला उजेड पांढरट झाला. फोन हातात होता. निहारला केला असता तर त्याने म्हटलं असतं, सांगत होतो ना. त्याच्याशिवाय नाव आठवेना. अमेरिकेत इतकी वर्षं काढली, गणपतीला घर भरायचं, आणि बर्फात अडकले म्हणून सांगायला माणूस नाही, याची मला त्या गाडीत पहिल्यांदा खरी भीती वाटली. बर्फाची नाही वाटली तेवढी.

शेवटी पिकअप ट्रकमधून एक धिप्पाड बाई उतरली. तिने काच ठोठावून विचारलं, गाडी बुडतेय की पार्क केलीये? पट्टा लावून तिने घोरपडीला ढिगावरून ओढून काढलं आणि डिकीत टाकायला तिच्या ट्रकमधली मिठाची पोती दिली. पैसे घेतले नाहीत, तिळाच्या वड्या घेतल्या. जाताना म्हणाली, घरी पोचलीस की कुणाला तरी कळव, हनी. बरं म्हटलं.

ओहायोत पुन्हा त्याच मोटेलमध्ये मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत नेपरव्हिल. प्लाऊवाल्याने आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी नेहमीप्रमाणे बर्फाचा बांध घातलेला. फळ्या नाहीत. गाडी कडेला लावली, फावडं घेतलं आणि वाट काढली. घोरपड आत घेतली. पुढचा ओठ तडकलाय, पोटाखाली मीठ चिकटलंय, पण इंजिन ठणठणीत. असला प्रवास करावा का, असं विचाराल तर मार्चपर्यंत थांबा म्हणेन, आणि डिकीत जे टाकाल ते वाटून येऊ नका.

घरात हीटर वाढवला, चहा टाकला आणि निहारला फोन लावला. “पोचले.” तो इतका मोठा सुस्कारा टाकेल असं वाटलं नव्हतं. ढिगाचं सांगितलं नाही. फळ्या राहिल्या एवढं म्हटलं.

“हो, आत आणल्यात. गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवल्यात, बाबा ठेवायचा तशा.” मग म्हणाला, “आई, एक सांगायचंय. अंजलीने तिचं टेबल खाली हॉलमध्ये नेलं. सायकल देऊन टाकली. बेड बघतेय. तू तिला येते म्हणालीस ना.”

मी कपाळाला हात लावला. अरे, ते निघताना म्हणतात तसलं येते होतं, तुला माहीत आहे, तू तिला सांगितलं का नाहीस?

“माहीत होतं,” तो म्हणाला. “नाही सांगितलं. म्हटलं, तिला वाटतंय ना तसं, तर वाटू दे. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.”

चहा उकळून वर आला तो मी बघत होते, गॅस बंद करायचं सुचत नव्हतं. हे पोरगं रविवारी फोनवर असं का बोलत नाही? की बोलत होतं, आणि मलाच ऐकू येत नव्हतं? गॅस बंद केला. घरात फ्रिजचा आवाज तेवढा येत होता. नाकात आलेलं पाणी आवरून मी म्हटलं, “बर्फ जाऊ दे. मग घोरपड घेऊन येते.”

दूध आणायला निघालेल्या आईला विचारावं तसं त्याने विचारलं, “आई, हे कुठलं?”

“यायचं,” मी म्हटलं.