तिसरी पिन
परवा खिळा शोधताना मोठ्या दिरांच्या डब्यात ती जाड पितळी पिन हाताला लागली आणि जुना राग होता तसा वर आला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी रामघाटच्या घरातून साड्यांच्या निर्यातीचा पत्रव्यवहार करायचे आणि त्यासाठी स्वतःच्या कमाईचा लॅपटॉप आणला होता. घरातले सगळे बोर्ड दोन भोकांचे, त्याचा प्लग तीन पिनांचा. उद्या वायरमन येईल, तोवर हात लावू नका, असं सांगून मी कामाला रामनगरला गेले. परतले तर लॅपटॉप बोर्डाला लावलेला, सासूबाई हात चोळत बसलेल्या आणि दीर गरजत होते, "आईला झिणझिण्या आल्या. हे यंत्र परत कर आणि पत्रं सोडून घर बघ." मी प्लग उपसला आणि वायरमनला तेव्हाच बोलावून दाखवला. "बहनजी, अर्थिंग की पिन ही तोड़ दी है, झटका तो लगेगा ही," तो म्हणाला. दीर पितळेचा तुकडा कधी टाकत नसत, म्हणून मी सरळ त्यांचा डबा पालथा केला. पिन खणकन पडली. "भाऊजी, हे काय?" "वायरमनची वाट कोण बघणार? चालू तर झालं ना!" त्याच संध्याकाळी माझ्या खोलीत तीन भोकांचा बोर्ड बसला. त्यांनी स्वतःच्या खोलीत बसवू दिला नाही. आता ज्यांच्या पूजा ते सांगतात त्या यजमानांशी बोलायला त्यांच्याकडेही लॅपटॉप आहे. तो चार्ज करायला ते रोज माझ्या दारात उभे राहतात. मी प्लग लावून देते. बसा म्हणत नाही.