पाचवीचा कोयता

कोयता मी धाकट्या भावाच्या मानेवरच चालवला होता. त्याने हात मध्ये घातला म्हणून दोन बोटांवर भागलं.

कारण ऐकाल तर तोंडावर थुंकाल. शिरपूरजवळ आमच्या केळीत घड उतरवणं चाललं होतं. मी धुळ्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होतो, सुट्टीत आलेलो. एक घड माझ्या हातून पाल्यावर न पडता मातीत आदळला. धाकटा मजुरांसमोर म्हणाला, "भाऊ, तू आपली पुस्तकंच वाच." एवढंच. माझं डोकं सणकलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाफ्यात पडली आणि तो ओरडलासुद्धा नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. दवाखान्यात त्यानेच सांगितलं, घड कापताना लागलं.

माय म्हणाली, "सटीनं लिखेल शे." मूल पाच दिवसांचं झालं की सटवाई येऊन त्याच्या कपाळी सगळं लिहून जाते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी त्या शब्दाला गोचिडासारखा चिकटलो.

धुळ्याला परतल्यावर चहाच्या टपरीवर लोकांना विचारत सुटलो. आधी मोघम विचारलं, सगळंच जर आधी लिहिलेलं, तर माणसाचा दोष काय? सगळे म्हणाले, कसला दोष, माणूस बिचारा काय करणार. मला बरं वाटलं. मग गोष्ट रचली. फैजपूरकडच्या एकाने सख्ख्या भावाची बोटं तोडली, तेही लिहिलेलंच होतं, आता बोला. माणसं तीच. एक म्हातारे आबा म्हणाले, "त्याले झाडले बांधा नि फोडा." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"आबा, आत्ताच तर दोष नाही म्हणालात."

"ते निराळं, हाई निराळं."

मी हातातला ग्लास भिंतीवर फोडला. काच एकाच्या पायात गेली, तरी माझा संताप उतरेना.

पुढच्या वर्षी धाकट्याला मुलगा झाला. पाचवीच्या संध्याकाळी पाट्याजवळ सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, शेजारी पातं ठेवतात. माय मला म्हणाली, कोयता आण. घरात तो एकच होता. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शेवटी धाकट्यानेच तो तीन बोटांत धरून आणला.

मला राहवलं नाही. "अरे, ते लिहिलेलंच होतं रे."

त्याने कोयता पाट्यावर ठेवला. "लिखेल व्हतं, तर परत बी लिखेल व्हई. आज तू मळामा जाय, भाऊ. कोयता रातभर पोरगाना उशाले राही."

मी दारापर्यंत गेलो. उंबऱ्यावरच बसलो. "मीच मारला," म्हणालो. "मला तुला मारायचंच होतं."

पूजेजवळ सरकून त्याने जागा केली.

"मंग बस," म्हणाला.