आभाळ तापवणारी शेकोटी

रिपेकाच्या माहेरी ऊब विकत घ्यावी लागत नसे. रोटोरुआच्या तळ्याकाठी तिच्या आईचं घर. तिथे जमिनीतूनच वाफ निघायची. अंगणातल्या वाफेच्या पेटीत सकाळी मांस आणि रताळी ठेवली की दुपारपर्यंत आपोआप शिजायची. ऐन जुलैच्या थंडीत पोरं अनवाणी हिंडायची, कारण पायाखालची माती कोमट असायची. अशा घरातली ही मुलगी मेंढ्या कातरणाऱ्या टोळीबरोबर लोकर वेचायला म्हणून देशाच्या पार दक्षिण टोकाला, टुआटापेरेला आली. तिथे चहाच्या सुट्टीत नेविलनं तिला हसवलं, आणि हसता हसता आपण फसलो, असं ती स्वतःच सांगायची.

नेविल दुधाचा टँकर चालवायचा. स्वभावानं गरीब, पण कुठल्याही भांडणात टोपी डोळ्यांवर ओढून बाजूला होणारा. घर त्याच्या वडिलांचं, अलेकचं. अलेकनं उभी हयात लाकडाच्या गिरणीत काढली आणि हे फळ्यांचं घर स्वतःच्या हातांनी बांधलं. बैठकीच्या खोलीत त्याची दगडी शेकोटी होती. वायाऊ नदीतले गोटे तो आणि त्याची बायको एल्सी, दोघांनी मिळून वाहून आणलेले. एल्सी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण म्हातारा आल्यागेल्याला शेकोटीपुढे उभं करायचा आणि कुठला गोटा तिनं निवडला ते बोट लावून दाखवायचा.

शेकोटी दिसायला देखणी, पण खायला काळ होती. लाकडाचा ढीग गिळायची आणि ऊब सगळी धुराड्यातून वर. पुढे बसलेल्याच्या नडग्या भाजायच्या आणि पाठ काकडायची. त्यात दार बंद केलं की धूर खोलीत यायचा, म्हणून अलेक दार वीतभर उघडं ठेवायचा. त्या वीतभर फटीतून अंटार्क्टिकाचा वारा थेट आत. रिपेकाला वाटायचं, यापेक्षा अंगणात जाळ करून बसलो असतो तर निदान चांदणं तरी दिसलं असतं.

तिनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. पडद्यांना आतून जुनी ब्लँकेटं शिवली. सतरंजीखाली वर्तमानपत्रांचे थर घातले. दारांच्या फटींना लावायला लाकडाचा भुसा भरून कापडी साप केले. खिडक्यांच्या काचांना फुगेवालं प्लास्टिक चिकटवलं, तर नेविल फोनवर बोलता बोलता त्यातला एकेक फुगा फोडत बसायचा. रविवारी पोरांना घेऊन ती पाइनच्या रानातून जाळायला सुकी बोंडं गोळा करून आणायची, आणि तिनं आठवडाभर पुरवायची म्हणून ठेवलेली टोपली म्हातारा एका संध्याकाळी मित्र आला म्हणून रिकामी करायचा. सापांना लाथ मारून दार उघडं टाकायचा ते वेगळंच. सकाळी उठून काचांवरचं पाणी पुसणं हे तर तिच्या रोजच्या पूजेसारखं झालं होतं, फक्त देव कधी प्रसन्न होत नव्हता.

एका वर्षी तिला लोकरीची युक्ती सुचली. मेंढीच्या पोटाखालची मळकी लोकर कुणी विचारत नव्हतं, शेतकरी फुकट न्या म्हणत होते. तिनं पोत्यांवर पोती घरी आणली. छताच्या फळ्यांवर तिचा जाड थर पसरला की घरातली ऊब वर पळणार नाही, हा हिशोब. परसातल्या जुन्या बाथटबमध्ये तिनं ती लोकर धुतली, हात सोलवटून घेतले. पण तिकडच्या हिवाळ्यात धुतलेलं वाळतंय कुठे? शेवटी कंटाळून तिनं दमट लोकरच वर पसरली. दहा-पंधरा दिवसांत घराला मेंढवाड्याचा वास मारायला लागला. छताला पिवळे डाग पडले. थोरली नायरी शाळेतून रडत आली, कारण मैत्रिणी तिच्याजवळ आल्या की नाक धरत होत्या. नेविल कामावरून आला की दारातूनच मेंढीसारखा ओरडायचा. पहिल्यांदा ती हसली, दुसऱ्यांदा तिनं त्याच्या अंगावर ओलं फडकं फेकलं. मग एकटीनंच छतावर चढून सगळी लोकर खाली ओढली. थोडीफार चांगली वाळलेली निघाली, ती एका पोत्यात भरून शेडमध्ये टाकली.

शेडमध्ये आणखी एक वस्तू पडलेली होती. लोखंडी बंद शेगडी. नेविलच्या एका सोबत्यानं घर मोडताना दिली होती. शेकोटीच्या खोबणीत ती बसवायची, तिचं नळकांडं धुराड्यातून वर काढायचं आणि बाकीचं तोंड पत्र्यानं बंद करायचं, की निम्म्या लाकडात खोली तापते. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अलेकलाही. पण त्यानं एकदाच सांगितलं की एल्सीच्या दगडांपुढे तो डबा बसवायचा असेल तर आधी मला बाहेर काढा. नेविल म्हणाला, म्हातारा आहे तोवर राहू दे. मग ती शेगडी शेडमध्येच राहिली आणि दोन हिवाळे कोंबड्या तिच्यात अंडी घालत राहिल्या. रिपेका अंडी काढायला वाकली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि तीच काय ती त्या शेगडीची ऊब, असं ती म्हणायची.

धाकटा रुआ पाच वर्षांचा. त्याची छाती नाजूक. हिवाळा लागला की त्याला धाप लागायची, श्वास शिटीसारखा वाजायचा. दवाखान्यातली नर्स घर बघायला आली तेव्हा म्हणाली की सगळं घर नसेल जमत तर एक खोली तरी गरम आणि कोरडी ठेवा, त्यात सगळे राहा. रिपेकानं हे जेवताना सांगितलं. अलेक म्हणाला की आमची पोरं बर्फात वाढली, कुणी मेलं नाही. नेविलनं बटाटे वाढून घेतले.

ऑगस्टमध्ये अलेकच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्याला इन्व्हरकार्गिल शहरात जावं लागलं, आणि मुक्काम बहिणीकडे ठरला. तो गेला त्याच दिवशी रिपेकानं लोकरीचं पोतं शेडमधून आणलं आणि धुराड्यात ठासून बसवलं. गाद्या बैठकीत आणल्या, दारं लावली, साप जागेवर ठेवले आणि विजेचा छोटा हीटर लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी रुआ तिथेच जमिनीवर झोपला होता आणि त्याच्या श्वासाचा आवाज येत नव्हता. तिनं दोनदा वाकून बघितलं, तेव्हा कुठे तिला खात्री पटली की तो नुसता शांत झोपलाय. ती तशीच त्याच्याशेजारी बसून राहिली. कितीतरी दिवसांनी तिनं अंगातला कोट काढला होता.

अलेक आणखी दोन दिवसांनी यायचा होता. पण बहिणीशी खटका उडाला आणि तो दुसऱ्याच सकाळी कुणाच्या तरी गाडीतून परत आला. रिपेका मागे कपडे वाळत घालत होती. एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्याला कोपऱ्यातल्या गादीवर पांघरुणात झोपलेला रुआ दिसला नाही. त्यानं घर सामसूम पाहिलं, शेकोटी थंड पाहिली, आणि सवयीनं काटक्या रचून पेटवल्या. धूर वर जाईना. लोकर जळत नाही, धुमसते. जळक्या केसांसारखा वास परसात आला तेव्हा रिपेका धावली. आत हात दिसत नव्हता. तिनं पाण्याची बादली शेकोटीत ओतली, रुआला काखेत मारलं, म्हाताऱ्याला दंडाला धरून ओढलं, आणि तिघं बाहेर दहिवर पडलेल्या गवतावर खोकत उभे राहिले.

"माझ्याच घरात मला गुदमरून मारतेस?" अलेक म्हणाला.

"मी सांगायला हवं होतं, पॉप. ते चुकलंच माझं," रिपेका म्हणाली. "पण तुमची शेकोटी आभाळ तापवते. घर नाही तापवत. आठ वर्षं मी या घरात बर्फ पुसतेय आणि तुम्ही दार उघडं टाकताय."

"एल्सीनं कधी तक्रार केली नाही."

"एल्सी तुमच्यापुढे तक्रार करत नसेल. आत चला. रुआच्या खोलीत."

म्हातारा नको म्हणत होता, पण तिनं त्याचा दंड सोडला नाही. मागच्या खोलीत तो वर्षानुवर्षं गेला नव्हता. एल्सी शेवटचे महिने तिथेच होती, म्हणून जात नसे, की पायऱ्या चढवत नसत म्हणून, ते त्याचं त्यालाच ठाऊक. रिपेकानं पोराचा पलंग भिंतीपासून ओढला. मागची भिंत खालपासून खिडकीपर्यंत बुरशीनं काळी पडली होती. राहिलेली एक गादी पलंगावर होती. तिनं त्याचा हात धरून त्या गादीवर ठेवला.

अलेकनं हात काढला नाही. बोटांनी गादी दाबून बघितली. मग म्हणाला, "ओली आहे."

"रोज अशीच असते."

 माफी वगैरे मागणं त्याच्या रक्तातच नव्हतं. संध्याकाळी नेविल आला तेव्हा अलेक शेडमध्ये होता आणि कोंबड्यांना काठीनं शेगडीतून हुसकत होता. त्यानं लेकाला एवढंच विचारलं, की हा डबा बसवायला तू माणूस बघणार आहेस की मीच चढू छपरावर?

शेगडी बसली. दगड एकही काढावा लागला नाही. नियमाप्रमाणे तपासणीचा माणूस येऊन बघूनही गेला. रुआची धाप त्या हिवाळ्यात कमी झाली, पुढच्या हिवाळ्यात आणखी कमी. एवढं झालं खरं, पण म्हणून रिपेकाच्या जिवाला स्वस्थता लाभली असं नाही. नेविलनं स्वस्त मिळालं म्हणून ट्रेलर भरून मॅक्रोकार्पाचं ओलं लाकूड आणलं. ते नुसतंच फुसफुसायचं, आणि शेगडीची काच तिला रोज राखेनं घासावी लागायची. पाहुणे आले की अलेक शेगडीवर हात शेकत सांगायचा, की मी यांना कधीपासून सांगत होतो, उघड्या शेकोटीत काही राम नाही. नायरी आईकडे बघून तोंडावर हात ठेवायची. रिपेका चहा ओतत राहायची.

आणि दार. खोली आता खरोखर तापायची, तर म्हाताऱ्याला उकडायला लागलं. येता-जाता तो दार उघडं टाकायचा. ती सांगून थकली, ओरडून थकली, भिंतीवर कागद चिकटवून थकली. शेवटी तिनं दुकानातून एक जाड स्प्रिंग आणली आणि स्वतःच दाराला बसवली. आता दार आपोआप धाडकन बंद व्हायचं. आपल्या टाचेला लागतं, म्हातारपणी माणसाला घरात नीट चालू देत नाहीत, म्हणून अलेक दिवसभर कुरकुरायचा. नेविल तिला म्हणाला, जरा सैल कर ना. तिनं पाना त्याच्या हातात दिला. तो टोपी डोळ्यांवर ओढून बाहेर गेला, आणि त्याच्यामागे दार धाडकन लागलं.